सहा माणसं, पाच सीटा आणि एक सनरूफ

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय चाळीशीच्या आसपास, नोकरी. घरात नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. सासू-सासरे गुहागर तालुक्यात गावी राहतात आणि दिवाळीनंतर महिना-दोन महिने पुण्याला येतात. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. घरात २०१९ ची वॅगन आर आहे आणि ती रोज याच चालवतात, कारण नवरा कामावर दुचाकीने जातो. आता गाडी बदलायचं ठरलं आहे. नवऱ्याचं म्हणणं, घ्यायची तर कॉम्पॅक्ट एसयूव्हीच, तीही सनरूफवालं टॉप मॉडेल. दहा लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढू. सासऱ्यांचं म्हणणं, कोकणातल्या रस्त्यांना दणकट गाडी हवी. दिराने डिझेल सुचवलं आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, 'सहा जण बसतील, गणपतीला सामान मावेल, गावच्या रस्त्याला टिकेल आणि मला झेपेल अशी एसयूव्ही कोणती? मला गाडीतलं काही कळत नाही. एवढी मोठी गाडी चालवायची भीती वाटते. की मी उगाच घाबरते आहे?'

ताई,

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, सासऱ्यांचं आहे, दिराचं आहे, मुलीने मोबाइलवर पसंत केलेला रंगसुद्धा आहे. नाही ते दोघींचं. एक सासूबाईंचं, ज्या तो गुडघा घेऊन पुण्यापासून गुहागरपर्यंत मागच्या सीटवर बसणार आहेत. आणि दुसरं तुमचं. सिंहगड रस्त्यावरून रोज सकाळी दोन मुलं आणि त्यांची दप्तरं घेऊन वेळेत शाळेला पोचणाऱ्या बाईला गाडीतलं काही कळत नाही, हे मला पटत नाही. तुम्हाला टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या ओढीचे, आकडे पाठ नसतील. ते सेल्समनला पाठ असतात, पण तो काही तुमच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला येणार नाही.

तेव्हा नाव सांगण्याआधी तुमच्या प्रश्नात जे सहज धरून चाललेलं आहे, ते जरा हलवून बघू.

आधी 'मोठी गाडी'. कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक, सायरॉस, यातली कुठलीही घ्या, लांबी ३९९० ते ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला, आणि तेव्हापासून कंपन्या फुटपट्टी घेऊनच गाड्या काढतात. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही तीच रेघ आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असेल तर १५०० पर्यंत) असेल तर १८ टक्के, नाहीतर ४०. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते.

लांबी बांधलेली असल्यामुळे मग गाडी दिसायला भारदस्त करायची असते. बॉनेट उभं, चाकाभोवती काळं प्लॅस्टिक, वर रेल. तुमच्या वॅगन आरशी ताडून बघा. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर, ब्रेझाची १६८५. फरक एक सेंटिमीटरचा. वॅगन आरची डिकी ३४१ लिटर आणि ब्रेझाची ३२८. हो, कमी. नेक्सॉनची ३८२, कायलॅकची ४४६. म्हणजे एसयूव्ही घेतली की गणपतीचं सामान आपोआप मावेल असं नाही. मावेल की नाही ते गाडीगणिक बदलतं. सामान जास्त असेल तर डिकीच्या लिटरपेक्षा तिचा उंबरठा बघा. काही गाड्यांत बॅग कमरेच्या वर उचलून आत टाकावी लागते, आणि हे काम घरात कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग वाढतं काय? रुंदी, जमिनीपासूनचं अंतर, इंजिनाची ताकद, आणि मुख्य म्हणजे सुरक्षितता. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत वॅगन आरला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी एक तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी एकही नाही. चार वर्षांचं मूल घरात असताना गाडी बदलायला माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे. शेजाऱ्यांकडे काय आहे, ते या हिशेबात धरायची गरज नाही.

आता सहा माणसांचं बघू, कारण खरी गाठ इथेच आहे.

या सगळ्या पाच सीटच्या गाड्या आहेत. पट्टे पाच. 'धाकट्याला मांडीवर घेऊ' हे आपण सगळेच म्हणतो, पण पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर पंधरा किलोचं मूल धरून ठेवणं कुठल्याच हातांना शक्य नसतं, आईच्यासुद्धा नाही. मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे (कलम १९४ ब). दंडासाठी नाही, पण कायद्याने ही गोष्ट लिहून ठेवली आहे हे सासऱ्यांना सांगायला उपयोगी पडतं.

तेव्हा एक काम करा. मागच्या वर्षभरात सहाही जण एका गाडीतून किती वेळा गेलात, ते कॅलेंडर काढून मोजा. नुसतं आठवून नको. आठवणीत गणपती फार जागा व्यापतो. मे आणि गणपतीला तुम्ही चौघेच गावी जाता, कारण सासू-सासरे तिथेच असतात. त्यांना पुण्याला आणणं, परत सोडणं, आणि इथे असताना एखादं लग्न किंवा नरसोबाची वाडी, एवढंच निघेल असा माझा अंदाज आहे. तेवढ्या वेळांसाठी सात सीटची गाडी भाड्याने करा. ड्रायव्हर मिळतो, तुम्हीही त्या दिवशी मागे बसून खिडकीबाहेर बघू शकता, आणि उरलेले सगळे दिवस तुम्हाला लागते तेवढीच गाडी तुमच्याकडे राहते.

पण आकडा मोठा निघाला तर? किंवा येत्या चार-पाच वर्षांत सासू-सासरे पुण्यालाच राहायला येणार असतील तर? मग मी तुम्हाला कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊच नका असं सांगेन. मग एर्टिगा किंवा कॅरेन्स अशी तीन रांगांची गाडी बघा. एर्टिगात मुलगी तिसऱ्या रांगेत मजेत बसेल. सगळ्या सीटा वापरात असताना डिकी २०९ लिटरच उरते, हे मात्र लक्षात ठेवा. ट्रायबर चार मीटरच्या आत सात सीटा देते आणि किमतीलाही हलकी आहे. पण तिच्या इंजिनाची ताकद ७२ पीएस (अश्वशक्ती). सहा माणसं, एसी आणि कुंभार्ली घाट हे एकत्र आलं की तिला घाईला लावता येत नाही.

सासू-सासऱ्यांच्या येण्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहून पुढे गेला आहात. घरात कोणी उघड बोललेलं नसावं असं वाटतं. गाडी हे बोलायला चांगलं निमित्त आहे. 'बाबा, पुढची पाच वर्षं तुम्ही कुठे असणार आहात, त्यावर गाडी ठरते,' असं नवऱ्याने विचारावं, तुम्ही नाही. दहा-बारा लाखांची खरेदी करून मग वर्षभराने हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

समजा ते गावीच राहणार आणि गाडी पाच सीटचीच घ्यायची असं ठरलं. तर मग निवड पुढच्या सीटवरून करू नका, मागच्या सीटवरून करा.

आपण चपलासुद्धा पायात घालून चार पावलं चालून घेतो. सासूबाई दिवाळीनंतर येतील तेव्हा त्यांना शोरूममध्ये घेऊन जा, त्या नेहमी नेसतात त्या साडीत. सेल्समन सरबत देईल, पडद्यावर नकाशा दाखवेल. तुम्ही फक्त बघत राहा. मागचं दार किती उघडतं? त्यांना पाय उचलून उंबरठ्यावरून आत घ्यावा लागतो, की आधी बसून मग पाय फिरवता येतात? ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला दुसरी पद्धत सोपी जाते, आणि त्यासाठी सीटची उंची त्यांच्या मांडीच्या वरच्या भागाइतकी हवी. फार खाली असेल तर उठताना त्रास, फार वर असेल तर चढताना. बाहेरून उंच दिसणारी गाडी आतून सोयीची असेलच असं नाही. तुमची वॅगन आर या एका बाबतीत बऱ्याच एसयूव्हींना भारी पडते, आणि सासूबाईंना ती आवडत असेल तर त्याचं कारण हेच असणार. वर पकडायला कडी आहे का तेही बघा. मग त्यांना दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसू द्या. पुढच्या सीटवर तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागेला सीट लावून बसा. मागे गुडघा पुढच्या सीटला टेकतो का? मांडीला आधार मिळतो, की गुडघे वर येतात? एवढ्या वेळात अवघडलं तर कोयनानगरपर्यंत पोचताना काय होईल, ते त्या स्वतःच सांगतील.

त्याच सीटवर, त्याच दिवशी चाइल्ड सीट लावून बघा. नसेल तर कोणाची तरी उसनी न्या. चार वर्षांच्या मुलाला ती लागते, हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही म्हणून सांगते. आयसोफिक्सची, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायची, कडी बाजूच्या दोन सीटांना असते. धाकट्याची सीट एका बाजूला बसली की उरलेल्या जागेत मुलगी आणि सासूबाई, आणि यातल्या एकीला मधे बसावं लागणार. मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्यामागचा आधार आहे का, की नुसता बसायचा उंचवटा आहे, ते हात लावून बघा. इथे गाडीची रुंदी कामाला येते. एक्सयूव्ही ३एक्सओ १८२१ मिलिमीटर रुंद, नेक्सॉन १८०४, ब्रेझा १७९०, कायलॅक १७८३. कायलॅक चालवायला फार छान आणि डिकीही मोठी, पण मागे तिघांना ती अंग चोरायला लावते. पायांना जागा पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर बरीचशी ठरते: ३एक्सओचं ते २६०० मिलिमीटर, सायरॉसचं २५५०, ब्रेझाचं २५००, नेक्सॉनचं २४९८. सायरॉसच्या वरच्या मॉडेलांत मागची सीट पुढे-मागे सरकते आणि पाठही रेलते. गुडघ्याच्या दुखण्याला ही सोय सनरूफपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांबद्दल. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची आपल्याकडची अपघात चाचणी, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. नेक्सॉन, ३एक्सओ, कायलॅक आणि सायरॉस या चौघींना त्यात पाच तारे आहेत. सहा एअरबॅगही आता या वर्गात बहुतेक ठिकाणी अगदी खालच्या मॉडेलपासून मिळतात. पण त्या चाचणीतल्या पुतळ्यांना पट्टा लावलेला असतो, हे आपण विसरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर जो अपघात झाला, त्यात गाडी महागडी आणि नावाजलेली एसयूव्ही होती. मागे बसलेले, पट्टा न लावलेले दोघे गेले. पुढचे दोघे वाचले. मागच्या सीटच्या पट्ट्यांवर घालायला कव्हर शिवून घेणारी आणि बकल सीटखाली दडपून टाकणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. नव्या गाडीत सीट कव्हर घालायचंच असेल तर बकल वर राहतील असं घाला.

सासऱ्यांच्या 'दणकट'बद्दल थोडक्यात. गावच्या जांभ्याच्या कच्च्या वाटेवर वॅगन आर घासत असेल, कारण तिचं जमिनीपासूनचं अंतर १६५ मिलिमीटर आहे. नेक्सॉनचं २०८, कायलॅकचं १८९. इथे फरक नक्की पडेल, जरी पाच माणसं आणि नारळांचं पोतं चढल्यावर कुठलीही गाडी खाली बसतेच. पण मी वर नावं घेतलेल्या सगळ्या गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. पावसाळ्यात चिखलात रुतल्यावर त्या तुमच्या वॅगन आरइतक्याच असहाय. सासऱ्यांना थार डोळ्यांसमोर असेल तर ती वेगळी वस्तू आहे, आणि तिच्या मागच्या सीटवर सासूबाईंना चढवणं मला तरी कल्पनेत जमत नाही.

डिझेलचं दिरांनी सुचवलं, त्यांचं फिरणं जास्त असेल. तुमचं वर्षाचं सात हजार किलोमीटर धरू. पेट्रोलने शहरात लिटरला १३ आणि डिझेलने १७ चं ॲव्हरेज दिलं, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर वर्षाला एकोणीस हजारांच्या आसपास वाचतात. डिझेल मॉडेल लाख-सव्वा लाखाने महाग पडत असेल तर ते पैसे निघायला पाच ते साडेसहा वर्षं. वर महाराष्ट्रात आरटीओचा करही जास्त: दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. शाळा, ऑफिस, सिग्नल, परत शाळा या फेऱ्यांत तो फिल्टर भरत जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुमचं चालवणं डिझेलसाठी नाही. दिरांना हे असंच सांगा, त्यांना राग येणार नाही.

सीएनजी रोजच्या खर्चाला उत्तम, पण डिकीत सिलिंडर येतो. नेक्सॉनमध्ये दोन लहान सिलिंडर तळाशी आडवे ठेवून ३२१ लिटर जागा राखली आहे; ब्रेझात फारशी उरत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी पंपावरच्या रांगेत उभं राहायची तयारी हवी, ती वेगळी. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जिंग पॉइंट बसवता येत असेल तर विजेवरची गाडी जरूर चालवून बघा. येत नसेल तर हा विषय सध्या सोडून द्या.

त्यापेक्षा ऑटोमॅटिक घ्या. तुमच्या भीतीतली निम्मी तरी क्लचमध्ये आहे असा माझा संशय आहे: पुलाच्या चढावर पुढची गाडी थांबली, मागे रिक्षा चिकटलेली, पोरं भांडतायत. ऑटोमॅटिक आणि चढावर गाडी धरून ठेवणारी सोय असली की हा प्रसंगच उरत नाही. फक्त 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तेवढं विचारून घ्या. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं; ती स्वस्त, पण गिअर बदलताना झोका देते, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो झोका जास्त जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचते; तो गुळगुळीत आणि खात्रीचा. ब्रेझा, कायलॅक आणि ३एक्सओच्या पेट्रोलमध्ये तो आहे. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटून पालटून वापरणारा, चपळ असतो, तासन्‌तास मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत मात्र तो तापू शकतो. तुमच्या रस्त्यासाठी मी टॉर्क कन्व्हर्टर निवडला असता. घाट उतरताना गाडी मॅन्युअल मोडवर घेऊन खालच्या गिअरला ठेवायची, नुसत्या ब्रेकवर उतरायचं नाही, हे एकदा शिकून घ्या.

उरलेली निम्मी भीती खरी आहे आणि ती मोजता येते. वॅगन आर १६२० मिलिमीटर रुंद आहे. ३एक्सओ तिच्यापेक्षा दोनशे मिलिमीटरने, म्हणजे वीतभर जास्त. लांबी सुमारे एक फूट वाढते. वळायलाही जागा जास्त लागते: वॅगन आर ४.७ मीटरच्या त्रिज्येत वळते, ब्रेझाला त्याहून जास्त लागते. रविवारी सकाळी टेप घेऊन खाली जा आणि तुमच्या पार्किंगचे दोन खांब मोजा. गाडी लावून तुमच्या बाजूचं दार पुरतं उघडेल, आणि मागून सासूबाईंना उतरता येईल, एवढं अंतर उरतं का? मग टेस्ट ड्राइव्ह मागताना ती शोरूमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर नको, तुमच्या घरापासून शाळेपर्यंत हवी, शाळेच्या वेळेला. नाही म्हणतील, तर दुसऱ्या डीलरकडे जा. गाडी तुम्ही चालवा आणि नवऱ्याला मागच्या सीटवर बसवा. त्यांनी एकदा तिथून बघणं फार गरजेचं आहे.

आता सनरूफ. मुलांना हौस आहे, नवऱ्यालाही आहे, आणि हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. पण पुण्यात मार्च ते मे दुपारी ते उघडता येत नाही आणि जून ते सप्टेंबर पाऊस असतो. मुलाला त्यातून वर उभं करणं जिवावर बेतू शकतं. काचेच्या चौकटीमुळे मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा काही गाड्यांत कमी होते. गावी आंब्याखाली-फणसाखाली गाडी उभी राहिली की पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत कचरा अडकतो आणि छतातून थेंब पडायला लागतात, म्हणजे दर सर्व्हिसिंगला त्या साफ करून घेणं आलं. एवढं करून हवंच असेल तर घ्या, पण त्यासाठी टॉप मॉडेलपर्यंत जायची गरज नाही. बऱ्याच गाड्यांत ते मधल्या मॉडेलातही मिळतं. टॉप मॉडेलात जे मिळतं त्यातला ३६० अंशांचा कॅमेरा तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल. रंग बदलणारे दिवे, थंड हवा देणाऱ्या पुढच्या सीटा आणि मोठा पडदा यांची सवय महिन्याभरात होते आणि हप्ता मात्र चालू राहतो.

हप्त्याचा हिशेब नवऱ्यासमोर असा मांडा. दहा लाख, नऊ टक्के व्याजाने. पाच वर्षांसाठी महिन्याला सुमारे २०,७६० रुपये, सात वर्षांसाठी १६,०९०. सात वर्षांचा हप्ता सुसह्य वाटतो, पण व्याज अडीच लाखांवरून साडेतीन लाखांवर जातं. आणि पाच वर्षं संपतात तेव्हाही बँकेचे साडेतीन लाख देणं उरलेलं असतं. त्या वेळी तुमची मुलगी सोळा वर्षांची असेल, अकरावी-बारावीत. क्लासची फी काय असते ते आजच कोणाला तरी विचारून बघा. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर मॉडेल एक पायरी खाली उतरवा, मुदत वाढवू नका. ऑटोमॅटिक ठेवा, तारे ठेवा, छत पत्र्याचं राहू द्या. यावर वाद झाला तर मुलांची हौस हा मुद्दा मुलांनाच विचारून निकालात काढा. चार वर्षांच्या मुलाला सनरूफ आणि मागचा यूएसबी पॉइंट यातलं एक निवडायला सांगितलं तर काय निवडेल याची मला खात्री नाही. अकरा वर्षांच्या मुलीची आहे.

तुम्ही नाव विचारलं होतं, म्हणून माझं मत सांगते. सासू-सासरे गावीच राहणार, गाडी तुम्हीच चालवणार, मागे सासूबाई आणि दोन मुलं, हे धरून मी ३एक्सओचं मधलं पेट्रोल ऑटोमॅटिक आणि सायरॉस या दोन आधी बघितल्या असत्या. ३एक्सओ शहरात पेट्रोल बऱ्यापैकी पिते, हे मनात ठेवून. पार्किंगचे खांब रुंदीला नाही म्हणाले, किंवा चिपळूण-गुहागरकडे सर्व्हिसची सोय हा मोठा मुद्दा वाटला, तर ब्रेझा ऑटोमॅटिक. तिच्यात थरार नाही, पण ती त्रासही देत नाही. नेक्सॉन तिसरी, रस्त्यावर घट्ट बसते म्हणून. पण सासूबाई एखाद्या गाडीतून हात न धरता उतरल्या आणि 'ही बरी आहे' म्हणाल्या, तर माझी यादी बाजूला ठेवा.

बुकिंगच्या वेळी ॲक्सेसरीजचं पॅकेज सक्तीचं आहे असं सांगतील. ते सक्तीचं नसतं. इन्शुरन्सही डीलरकडूनच घ्यायला हवा असं नाही. बाहेरून दोन-तीन दर मागवा आणि तोच दर डीलरला दाखवा. वर्षअखेरीस मोठी सूट मिळाली तर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासी नंबरवरून विचारून घ्या, कारण डिसेंबरात घेतलेली गाडी काही दिवसांतच विकताना एक वर्ष जुनी मोजली जाते. स्टेपनी बाकी चाकांच्याच मापाची आहे का तेही बघा; अनेक गाड्यांत ती बारीक असते आणि तिच्यावर जपून, कमी वेगाने जावं लागतं. घाटात रात्री हे कळण्यात मजा नाही.

आणि वॅगन आर एक्स्चेंजला देणार असाल तर तिच्यावर क्लेम न घेता जमलेला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जाऊ देऊ नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या इन्शुरन्समधल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईसाठीच्या (ओन डॅमेज) हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचे कागद दाखवून इन्शुरन्स कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. पॉलिसी तुमच्या नावावर आहे की नवऱ्याच्या, ते आज रात्रीच काढून बघा, कारण नवी गाडी त्याच नावावर घेतली तरच हा बोनस लागू होतो.